टाचदुखी: पाऊल टेकण्याआधीचा व्यायाम

सकाळी पहिलं पाऊल टेकलं की टाचेत सुई टोचल्यासारखी कळ येते, चार पावलं चाललं की जरा ओसरते. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. बहुतेकदा दुखणं त्याचंच असतं. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं तरी घाबरू नका. तसं हाड न दुखणाऱ्या टाचेतही सापडतं.

फिजिओथेरपीतला फार गुणाचा व्यायाम अंथरुणातच करायचा, पाय जमिनीवर ठेवण्याआधी. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. बोटं हाताने धरून नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपा. पट्टा ताठ लागला, म्हणजे ताण बरोबर बसला. दहा आकडे मोजा, सोडा. असं 10 वेळा, दिवसातून 3 वेळा. जोडीला भिंतीला हात टेकून पोटऱ्याही ताणा.

घरात फरशीवर अनवाणी फिरू नका, मऊ चप्पल घाला. आराम पडायला काही महिने लागतात, तेव्हा व्यायाम मध्येच सोडू नका. मात्र टाच सुजली, बधिर झाली किंवा झोपेतही ठणकू लागली, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.