ठेव की ठेवा?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त चांदीचे एक पदक काढण्याचे आपल्या कार्यकारिणीने योजिले आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. त्याच्या पत्रकाच्या मसुद्यात ‘मंडळाची स्मृती आणि उत्तम गुंतवणूक’ असे शब्द आहेत. स्मृतीशी माझे भांडण नाही. गुंतवणुकीविषयी मात्र, नाण्यांचा छंद असलेला एक सरकारी नोकर या नात्याने, थोडे बोलण्याची परवानगी मी कार्यवाहांकडे मागितली आणि त्यांनी ती मोठ्या मनाने दिली.

प्रथम नाणे आणि पदक यांतील भेद. नाण्यावर दर्शनी मूल्य असते व त्यामागे सरकार उभे असते. त्याचा धातू, व्यास आणि वजन भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होते. (राजपत्र आवडीने वाचणारा या सभागृहात बहुधा मी एकटाच असेन.) पदकाला असा आधार नसतो, सरकारी टांकसाळीत पाडले तरी ते पदकच. त्यावर पुढाऱ्याची मुद्रा असो की क्रिकेटपटूची, त्याला धातूचा भाव येतो, आणि हौशी गिऱ्हाईक भेटलेच तर थोडा अधिक.

स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघाली. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीचे दहा रुपयांचे चांदीचे नाणे आले. त्याचे वजन १५ ग्रॅम आणि त्यात ८० टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी १२ ग्रॅम. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे १९७२ चे दहा रुपये साडेबावीस ग्रॅमचे आहेत. हातात घेतले की हेच अधिक मोलाचे वाटते. पण त्यात चांदी निम्मी, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमच! १९८१ पासून अनेक वर्षे निघालेल्या शंभर रुपयांच्या ३५ ग्रॅमच्या नाण्यांतही अर्धीच चांदी असे; बाकी तांबे, निकेल आणि जस्त. तेव्हा वजन पाहून भुलू नये, कस विचारावा. शिवाय २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणे वितळवणे हा गुन्हा आहे. म्हणजे आतील चांदीचा हिशेब कागदावर मांडता येतो, मुशीत नाही.

उरतो तो संग्राहकाचा भाव. तो नगांची दुर्मिळता, नाण्याची स्थिती आणि घेणाऱ्यांची चढाओढ यांवर ठरतो. आपल्या भक्तीवर नव्हे. डॉ. आंबेडकरांचा १९९० चा रुपया, शिवछत्रपतींचे १९९९ चे दोन रुपये, लोकमान्यांचे २००७ चे पाच रुपये ही नाणी महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या देवघरातही सापडतील. पण ती रोजच्या व्यवहारासाठी पाडली गेली आणि हातोहाती फिरली. त्यांतील झिजलेल्या नगाला कोणी लाख रुपये देऊ करील, तर घराची कडी आधी लावावी. आमच्या वसाहतीतील एका निवृत्त गृहस्थांना असाच एक दूरध्वनी आला होता. विक्रीपूर्वी ‘कर’ म्हणून काही हजार रुपये भरण्यास सांगण्यात आले. त्यांनी ते भरले. नाणे त्यांच्यापाशीच आहे, पैसे गेले. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता, तो त्यांच्या वाचनात आला नव्हता.

आणि जपून ठेवलेली नाणी, गृहिणींनो, कृपा करून चिंचेने किंवा राखेने लखलखीत करू नका. संग्राहकाला घासलेल्या नाण्यापेक्षा काळवंडलेले चालते.

पदकांच्या बाबतीत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तेथे १९६४ साली स्थापन झालेल्या फ्रँकलिन मिंट या खाजगी टांकसाळीने वर्गणीदारांना चांदीच्या पदकांच्या मालिकाच्या मालिका विकल्या. संख्या ‘मर्यादित’ असे. पण पुष्कळदा ती मर्यादा अमुक तारखेपर्यंत मागणी नोंदवील त्या प्रत्येकासाठी, अशी असे. ही मर्यादा दिनदर्शिकेची झाली, पदकांची नव्हे. १९७८ साली तेथील ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने दाखवले की, पदके परत विकू जाता घेतलेली किंमतही येत नाही. पुढे जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोहोचली, तेव्हा अशी कितीतरी पदके भट्टीत गेली. त्यांवरील कलाकुसरीला कोणी दमडीही दिली नाही. भाव आला तो चांदीला.

आपल्या सभासदांत नोकरीच्या पहिल्याच वर्षात असलेली मुले आहेत, तसेच भविष्यनिर्वाह निधीवर डोळा ठेवून दिवस मोजणारी मंडळीही आहेत. ‘उत्तम गुंतवणूक’ या दोन शब्दांवर विसंबून कोणी दहा-दहा पदके घेईल, ही मला खरी धास्ती आहे. हौसेने एक घेतले तर त्याचे काहीच बिघडत नाही. मीही घेणार आहे.

म्हणून कार्यकारिणीस माझी तीन बाबतींत विनंती आहे. पदकाच्या पाठीवर वजन आणि कस कोरावा. पावतीवर चांदीची किंमत, घडणावळ आणि मंडळाच्या निधीस जाणारी रक्कम वेगवेगळी दाखवावी. निधीला पैसे द्यायला आपले लोक लाजत नाहीत, ते उघड मागावेत. आणि पत्रकातून ते दोन शब्द काढावेत. मसुदा छापखान्यात जायला अजून चार दिवस आहेत, असे कार्यवाह म्हणतात.