निळ्या कोंबडीची काळी-पांढरी पिल्ले

अँडलुशियन नावाची एक निळी कोंबडी आहे. नाव स्पेनच्या दक्षिणेकडील प्रांताचे. जात नावारूपाला आली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडात. निळी म्हटले तरी मोरासारखी निळी नव्हे. दगडी पाटीचा जो राखी-निळसर रंग असतो ना, तो हा. आणि पिसापिसाला गडद काठ. मोठा देखणा पक्षी!

पण याची एक खोड आहे. निळा कोंबडा आणि निळी कोंबडी एकत्र ठेवा, अंडी खुडूक कोंबडीखाली बसवा. एकविसाव्या दिवशी निघालेली पिल्ले मोठी होऊ लागली, की सगळी निळी नसतात. सरासरीने चारांत दोन निळी, एक काळे, आणि एक पांढुरके, अंगावर निळसर शिंतोडे असलेले. इंग्लंडातले हौशी लोक ही काळी अन् शिंतोड्यांची पिल्ले वाण बिघडलेली म्हणून काढून टाकीत आणि निळ्याला पुन्हा निळेच लावीत. पुढच्या सालीही तेच! निम्मी पिल्ले वाया. अशा वेळी माणूस पक्षी विकणाऱ्यालाच लबाड ठरवणार, नाही का?

मेंडेलचे वाटाण्यावरचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले. त्यानंतरच्या काही वर्षांत केंब्रिजच्या बेटसन आणि पनेट यांनी या कोंबडीचा अभ्यास केला आणि कोडे सुटले. या जातीचा मूळ रंग काळाच. तो फिका करणारे एक जनुक आहे. ते आईबापांपैकी कुणाकडूनच आले नाही, तर पिल्लू काळे. एकाकडून आले तर निळे. दोघांकडून आले, तर काळेपण इतके विरते की पांढऱ्यावर शिंतोडे तेवढे उरतात.

म्हणजे निळा ही मधली पायरी झाली. निळ्यापासून फक्त निळेच निघेल असा वाण करायला जाल, तर जन्म जाईल. उलट, ज्यांना टाकाऊ म्हटले तो काळा कोंबडा आणि ती शिंतोड्यांची कोंबडी एकत्र आणा; पिल्ले झाडून सारी निळी! शिंतोडेवालीकडून ते जनुक नक्की येते, काळ्याकडून येतच नाही. दुसरे काही होईलच कसे? निळा कोंबडा काळ्या कोंबड्यांत सोडला, तर मात्र निम्मी निळी, निम्मी काळी.

शिक्षकबंधूंनी हे वर्गात दोन नाणी उडवून दाखवावे. छापा म्हणजे ते जनुक आले, काटा म्हणजे आले नाही. (फोडलेले चिंचोके नकोत, ते एका अंगावर जास्त पडतात.) शंभर फेकींत हिशेब जवळपास जुळेल, पहिल्या दहांत जुळेलच असे नाही. तेव्हा एका उबवणीत काळे पिल्लू निघाले नाही, म्हणून नियमाला खोटे म्हणू नये.

आपल्या तांबड्या-करड्या गावरान कोंबडीवर मात्र हा हिशेब असा साफ उतरत नाही. हे जनुक काळ्या रंगावरच काम करते. आधी पुरा काळा वाण हवा. पिसांचा काठ रेखीव येणे दुसऱ्या जनुकांवर अवलंबून असते, तिथे डोळ्यांनी पारखून निवड करण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि कोंबडा बदलला, की लगेच अंडी उबवायला ठेवू नका. आधीच्या कोंबड्याचे बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकते. तीन आठवडे थांबा. तोवरची अंडी खुशाल खा. पुढे पिल्लांच्या पायात जोडीप्रमाणे रंगीत दोरा बांधा, आणि पाय जाड होतील तसा तो सैल करायला विसरू नका.