बोटांचा भाव

(बांधकाम कामगारांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



यंत्र आले म्हणजे श्रमिकाचे कष्ट हलके होतात, हा समज पुष्कळ अंशी खरा आहे. परंतु ते यंत्र चालवणाऱ्याच्या हातांचे काय होते, याची विचारपूस क्वचितच होते. ऑपरेटरला नाक्यावरच्या मजुरापेक्षा मजुरी अधिक मिळते, तो केबिनमध्ये बसतो. त्यामुळे चळवळीनेही त्याच्याकडे काहीसे दुर्लक्षच केले आहे.

त्याचा हात लिव्हरवर असतो तोवर सहसा सुरक्षित असतो. तो जायबंदी होतो तो यंत्र थांबवून, किंवा थांबले आहे असे समजून, दुरुस्ती करताना. पोकलेनची बकेट बदलताना पिनची भोके जुळली की नाहीत हे बोटाने चाचपले जाते आणि तेवढ्यात बूम तसूभर खाली येतो. काँक्रीट पंपाच्या हॉपरमध्ये अडकलेला खडा काढण्यासाठी जाळी उचलून हात घातला जातो आणि आतली पाती फिरतात. याची नोंद 'कामगाराचा निष्काळजीपणा' अशी होते. यंत्र तासाच्या भाड्याने आणलेले असते आणि ते बंद ठेवल्याचा जाब ऑपरेटरलाच द्यावा लागतो, ही गोष्ट पंचनाम्यात येत नाही.

याहून फसवी इजा हायड्रॉलिक तेलाची. पोकलेनच्या नळीतील तेलाचा दाब 300 बारपर्यंत, कधी त्याहूनही अधिक असतो. मोटारीच्या चाकात तो दोन-अडीच बार असतो. नळीला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले आणि गळती शोधण्यासाठी त्यावरून बोट फिरवले, तर तेल कातडी भेदून आत शिरते. बाहेर दिसतो केवळ एक ठिपका. रक्त फारसे येत नाही, आरंभी वेदनाही बेताचीच. मुकादम मलम लावून माणसाला पुन्हा कामावर पाठवतो. आत मात्र ते तेल बोटातून तळहाताकडे पसरत मांस नासवीत असते. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट, प्रसंगी हातही, कापावा लागतो. साधा हातमोजा या धारेला अडवू शकत नाही. गळती शोधायची ती पुठ्ठ्याच्या तुकड्याने, आणि रद्दीतला पुठ्ठा कोणत्याही साइटवर मिळतो!

आता भरपाईकडे वळू. 1923 च्या कायद्याच्या परिशिष्टाने अंगठ्याला 30 टक्के, तर्जनीला 14, मधल्या बोटाला 12 आणि करंगळीला 7 असा भाव ठरवून दिला. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही टक्केवारीची ही पद्धत पुढे चालवली आहे. हिशेबात धरावयाच्या मासिक मजुरीची मर्यादा 2020 साली 15,000 रुपये करण्यात आली. त्या मर्यादेने तीस वर्षांच्या ऑपरेटरची संपूर्ण तर्जनी 2,62,055 रुपयांची ठरते. मग त्याची खरी कमाई कितीही असो.

परिशिष्टाशी मात्र सारे संपत नाही. ओडिशातील एका चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. ही अंशतः अपंगता आहे, असा मालकाचा दावा होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून ही संपूर्ण अपंगता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1975 मध्ये दिला. प्रत्येक प्रकरणी असाच निकाल लागेल असे नव्हे. तरीही अंगठा गमावलेल्या ऑपरेटरला लिव्हर धरता येईल काय, हा प्रश्न डॉक्टरांच्या दाखल्यात नोंदवून घेणे कार्यकर्त्यांच्या हाती आहे. यंत्र कोणाचे, ठेका कोणाचा आणि हात घालावयास कोणी सांगितले, हेही त्याच दिवशी लिहून ठेवावे. कारण दुसऱ्या दिवशी यंत्रमालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि ठेकेदार बिल्डरकडे.

पुष्कळदा रुग्णालयातच थोडी रोकड देऊन 'काही मागणे नाही' अशा कागदावर सही घेतली जाते. असा हक्कत्याग 1923 च्या कायद्याने मुळातच रद्दबातल ठरवला होता, हे खाटेवरच्या माणसाला कोणी सांगत नाही. उजवा हात पट्टीत असला, तर डाव्याचा अंगठा उठवून घेतात.