डोंगराच्या पायथ्याशी मोटारीची निवड



चंदीगड हे शहर पायी चालणाऱ्याचा विचार करून आखले गेले, आणि आज ते मोटारींनी भरून गेले आहे. ल कॉर्ब्युझिए या थोर वास्तुविशारदाने त्याचे सेक्टर आखले, ते सुमारे ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब. शाळा, बाजार, दवाखाना आणि बाग ही सेक्टरच्या पोटातच असावीत, मुलाला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, हा त्यामागील हेतू. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांनी या नगरीचे उद्घाटन केले. आज त्याच सेक्टरांतील दहा मरल्यांच्या घरापुढे दोन-दोन मोटारी उभ्या असतात आणि तिसरीचा विचार चालू असतो.

पंजाब विद्यापीठ, पीजीआय हे मोठे रुग्णालय, शेजारची चंडीमंदिरची छावणी, अशांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे इकडे येतात. दोन-चार वर्षे होतात, मुले शाळेत जाऊ लागतात, गावाकडचे आईवडील येऊन राहू लागतात, आणि मग घरात एक वाक्य ऐकू येते : आता एक मोठी गाडी घेऊ या. ती डिझेलची असावी, तीत सात माणसे बसावीत, तिने सिमल्याचा घाट चढावा आणि दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना महाराष्ट्रातही न्यावे, एवढ्या अपेक्षा तिच्याकडून असतात. चर्चा फिरत फिरत बहुधा दोन नावांवर येऊन थांबते. एक टाटांची सफारी, दुसरी महिंद्रांची स्कॉर्पिओ-एन. मी कोणत्याही कारखान्याचा अडत्या नाही. परंतु हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर एकदा नीट द्यावे असे वाटते.

मौज अशी की हिमालयाच्या पायथ्याशी ज्यांची तुलना चालते, त्या दोन्ही गाड्या पुण्याच्या परिसरातच तयार होतात. सफारी टाटांच्या पुण्यातील कारखान्यात, स्कॉर्पिओ-एन चाकणला. दोन्ही घराणी जुनी आहेत. पहिली सफारी १९९८ साली आली. पहिली स्कॉर्पिओ २००२ साली, नाशिकच्या कारखान्यातून. त्यांच्याही आधीची, १९९४ सालची टाटांची सुमो पुष्कळांना आठवत असेल. पुण्याचा कारखाना ज्यांनी उभा केला त्या सुमंत मुळगावकरांच्या नावातील आद्याक्षरांवरून ते नाव पडले होते. जपानी मल्लाशी त्याचा काही संबंध नव्हता. सध्याची सफारी २०२१ साली नव्या बांधणीत आली आणि २०२३ साली तिचे रूप आणखी बदलले. स्कॉर्पिओ-एन २०२२ सालची.

लांबीत दोघींत बोटभराचाही फरक नाही. दोन्ही ४ मीटर ६६ सेंटिमीटरांच्या आसपास. इंजिनांतही फार अंतर नाही. सफारीचे दोन लिटरांना किंचित कमी आणि १७० अश्वशक्तीचे. स्कॉर्पिओ-एनचे सव्वादोन लिटरांच्या जवळपास, वरच्या प्रकारांत १७५ अश्वशक्तीचे. खरा भेद आहे तो अंगाच्या घडणीत. स्कॉर्पिओ-एनला मालमोटारीसारखा पोलादी सांगाडा असतो आणि त्यावर गाडीचे अंग बसवलेले असते. बैलगाडीत आसाच्या वर साटी बसवतात तसे. सफारीला असा वेगळा सांगाडा नाही. तिचे अंग हाच तिचा सांगाडा. एखाद्या हंड्याप्रमाणे सगळे एकसंध. पहिली घडण खड्डे, दगड, ओढे यांचा मार निमूटपणे सोसते. दुसरी वेगात स्थिर राहते, वळणावर कमी कलते, आणि मागे बसलेल्याच्या पोटात ढवळत नाही. परवाणूपासून सोलनपर्यंतच्या वळणांत हा शेवटचा मुद्दा मुले असलेल्या घराने हलका मानू नये.

दुसरा भेद चाकांचा. सफारीचे इंजिन फक्त पुढची चाके फिरवते. स्कॉर्पिओ-एन मागची चाके फिरवते, आणि डिझेलच्या काही प्रकारांत चारही. चढावर गाडीचा भार मागे सरकतो. सात माणसे आणि सामान मागे रेलले, की पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या खडीवर जागच्या जागी फिरू लागतात. मागची चाके मात्र त्याच भाराने जमिनीला घट्ट धरतात. सफारीत निरनिराळ्या रस्त्यांसाठी एक फिरकी दिलेली असते. ती इंजिनाचा प्रतिसाद आणि चाकांचे घसरणे सांभाळते, परंतु मागच्या चाकांना शक्ती देणे तिच्या हाती नाही. चारही चाकांच्या स्कॉर्पिओ-एनला शिवाय मंद गतीचे खास गियर आहेत. स्पितीच्या खोऱ्यात, किन्नौरच्या आडवाटांवर, पावसाने वाहून गेलेल्या रस्त्यावर ही व्यवस्था जीव वाचवू शकते.

येथपर्यंत ऐकून तरुण श्रोत्यांनी स्कॉर्पिओ-एनच्या बाजूने कौल दिला असेल. पण आपण वर्षातून किती दिवस स्पितीला जातो? बहुतेक घरांचा हिशेब मी पाहिला आहे. सिमला, कसौली, मनाली. आणि हे सारे रस्ते डांबरी. झिरकपूरहून परवाणूला जाणारा द्रुतगती मार्ग २०१२ पासून आहे. मनालीच्या पुढे लाहौलला जायचे, तर ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा आहे. ३९७८ मीटरांवरची रोहतांगची खिंड ओलांडण्याची सक्ती उरलेली नाही. विरळ हवेत श्वास घ्यायला दोन्ही इंजिनांना टर्बोची मदत आहेच. अशा प्रवासाला पुढच्या चाकांची सफारी पुरेशी आहे.

आता तिसऱ्या रांगेकडे वळू. सात आसने म्हणून पैसे मोजले जातात, आणि तिसऱ्या रांगेत कोणीही बसून पाहत नाही. विक्रेता तर तिकडे नेतच नाही. सफारीतील मागची जागा मोठ्या माणसाला दोन-तीन तास सोसवेल अशी आहे, आणि तेथे थंड हवेचे स्वतंत्र झरोके आहेत. जूनच्या चंदीगडात हे झरोके म्हणजे चैन नव्हे. स्कॉर्पिओ-एनची तिसरी रांग मुलांपुरतीच म्हणावी लागेल. सातही जणांना बसवले, की दोन्ही गाड्यांत सामानाला जागा जवळजवळ राहत नाही. गावाकडून येणारी तांदळाची गोणी टपावरच बांधावी लागणार. आणि स्कॉर्पिओ-एन उंच आहे. पायदान असले तरी गुडघेदुखीच्या माणसाला ती चढणे हा दर वेळचा प्रसंग होतो.

आता एक अधिक गंभीर गोष्ट. ग्लोबल एनकॅप या संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनची धडक-चाचणी जाहीर केली. मोठ्यांच्या संरक्षणासाठी तिला पाच तारे मिळाले, मुलांच्या संरक्षणासाठी तीन. सफारीला २०२३ साली याच संस्थेने दोन्हींसाठी पाच तारे दिले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारत एनकॅप या आपल्या देशी चाचणीतही तिने पाच तारे मिळवले. घरात लहान मुले असतील, तर या आकड्यांना मी अश्वशक्तीहून अधिक वजन देतो. अर्थात मागे बसणाऱ्याने पट्टा बांधला नाही, तर ताऱ्यांचा उपयोग नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता.

राहिला डिझेलचा प्रश्न, आणि खरे तर तोच आधी विचारायला हवा होता. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरून ठेवणारी जाळी असते. ती भरत आली, की आतली उष्णता वाढवून काजळी जाळून टाकली जाते. पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगाने धावावी लागते. सकाळी मुलाला शाळेत सोडायचे, दुपारी सतरा सेक्टरमध्ये खरेदी, संध्याकाळी सुखना तळे, अशा तीन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्यांत धुराडे तापतच नाही. जाळी तुंबते, समोर दिवा लागतो आणि कार्यशाळेच्या वाऱ्या सुरू होतात. पायी चालण्यासाठी आखलेल्या सेक्टरात मोठे डिझेल इंजिन असे गुदमरते. ज्यांचा महिना शहरातच सरतो, त्यांनी या दोहोंपैकी एकही डिझेल गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दर आठवड्याला अंबाला किंवा सोलन गाठणाऱ्यांची गोष्ट निराळी.

शिवाय आपला घराकडचा रस्ता कर्नाल-पानिपतवरून जातो. पानिपतचे नाव पाटीवर दिसले, की मराठी माणसाचा पाय वेगावरून आपसूक उचलला जातो, ते असो. कर्नाल आणि पानिपत हे दोन्ही जिल्हे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात. दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर दिल्लीत राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१५ साली बंदी घातली, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ साली न्यायालयाने सवलत दिली, तरी पंधरा वर्षे गाडी वापरू म्हणणाऱ्याने हा इतिहास लक्षात ठेवावा. त्याच वर्षीच्या २२ सप्टेंबरपासून अशा मोठ्या गाड्यांवरील कर, उपकरासह जो ५० टक्के होता, तो ४० टक्क्यांवर आला. त्यामुळे मोह वाढला आहे, हेही खरे.

तेव्हा माझा कौल असा : आठवड्यातून एकदा तरी लांब जाणारे, म्हातारी माणसे आणि मुले असलेले घर असेल, तर सफारी. खरोखरच आडवाटेला जाणारा, कामासाठी किंवा छंदासाठी किन्नौर-स्पिती करणारा असेल, तर चारही चाकांची स्कॉर्पिओ-एन. केवळ मागच्या चाकांची घेऊन अर्धे सुख विकत घेऊ नये. पैसे भरण्यापूर्वी घराच्या फाटकाची रुंदी मोजावी, कारण दोन्ही गाड्या आरसे सोडूनही १ मीटर ९० सेंटिमीटरांहून रुंद आहेत. विक्रेत्याकडे एकट्या कर्त्या पुरुषाने न जाता साऱ्यांनी जावे. वडिलांनी स्वतः एकदा तिसऱ्या रांगेत बसून परवाणूपर्यंत जाऊन यावे, आणि आईला मधल्या रांगेतून आपणहून खाली उतरू द्यावे. उतरताना तिचा हात कोणाच्या खांद्याचा आधार शोधतो का, तेवढे पाहावे.