हेरपटाचं संगीत आणि विदर्भाचा संगीतकार

केळापूर तालुक्यातल्या आणि पांढरकवड्याच्या रसिकांनो, हेरपट पडद्यावर उलगडण्याआधी कानांतून सुरू होतो. 1962 च्या ‘डॉक्टर नो’ या पहिल्या बाँडपटाची ओळखधून माँटी नॉर्मन यांची. तिला वाद्यमेळाचा साज चढवला जॉन बॅरी यांनी. इलेक्ट्रिक गिटारचे खर्जातले सूर आणि अचानक उसळणारी पितळी वाद्यं ऐकली, की धोका जवळ आल्याची जाणीव होते.

आपल्याकडे 1968 च्या ‘आँखें’ या हेरपटाचं शीर्षकगीत साहिर लुधियानवी यांनी लिहिलं आणि रवी यांनी स्वरबद्ध केलं. तिथे रहस्यापेक्षा सीमेच्या राखणीचा अभिमान मोठा ठरला.

आपल्या विदर्भाचा वाटाही मोलाचा आहे. 1977 च्या ‘एजंट विनोद’ला संगीत होतं राम-लक्ष्मण यांचं. त्यातले लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. दादा कोंडके यांच्या मराठी चित्रपटांतून ही जोडी पुढे आली होती. हा हेरपट स्वीकारल्यावर थोड्याच काळात जोडीदार राम, म्हणजे सुरेंद्र, यांचं निधन झालं. तरीही पाटील यांनी मित्राचं नाव गाळलं नाही. पुढचं सारं काम ‘राम-लक्ष्मण’ याच नावानं केलं. 1989 च्या ‘मैंने प्यार किया’ या चित्रपटानं ते नाव घराघरांत नेलं.

हेरपट पाहाल, तेव्हा श्रेयनामावली सरकवू नका. तिच्यासोबतचं संगीत मन लावून ऐका आणि संगीतकाराचं नावही वाचा.