मार्शमॅलोचं मूळ आणि कोरडा खोकला

घसा खवखवतोय म्हणून पाकिटातले पांढरे, मऊ मार्शमॅलो खाणार असाल, तर थांबा. त्यात साखर आणि जिलेटिन असतं. ज्या झाडावरून हे नाव पडलं, त्याचं मूळ आता त्यात नसतं.

हे झाड युरोपातल्या दलदलीत वाढणारं, पण कुळ आपल्या भेंडी-जास्वंदीचंच. युनानी हकीम त्याला खतमी म्हणतात. भेंडी चिरताना हाताला जी तार येते ना, तसाच बुळबुळीतपणा या मुळात असतो. त्याचा पातळ थर घशावर बसतो आणि कोरड्या खोकल्याची खवखव जरा शांत होते. बास, एवढंच. संसर्ग त्यानं बरा होत नाही.

गंमत म्हणजे, आपल्याकडे काढा म्हटलं की गॅस पेटलाच! तिकडे मात्र हे मूळ गार पाण्यात भिजवून, गाळून पितात. उकळलं तर त्यातला स्टार्चही पाण्यात उतरतो.

आणि हो, रोजच्या गोळ्या चालू असतील तर त्या यासोबत घेऊ नका. मध्ये तासभर तरी जाऊ द्या. हाच चिकटपणा औषध अंगात भिनायला उशीर करू शकतो. खोकला आठवड्याच्या वर गेला, ताप आला किंवा दम लागला, तर सरळ डॉक्टरकडे जा.