विजेच्या वाटा कोणीं आंखावयाच्या?

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं, सोमवारीं सकाळीं दहाच्या सुमारास, मुंबईंतील वीज एकाएकीं गेली. आगगाड्या रुळांवर जागच्या जागीं थांबल्या. रुग्णालयांना स्वतःच्या यंत्रांवर विसंबावें लागलें. ठाणें व नवी मुंबई येथेंही तीच अवस्था झाली. आपल्यापैकीं पुष्कळांना तो दिवस आठवत असेल. परंतु त्या दिवशीं महाराष्ट्रांत विजेचा तुटवडा नव्हता, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत आली. वीज होती, ती शहरांत आणणारी वाट अपुरी पडली. कळव्याकडे येणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांपैकीं कांहीं आधींच बंद होत्या. उरलेल्यांतील एक बंद पडतांच साऱ्याच व्यवस्थेचा तोल गेला. अशा प्रसंगीं मुंबईनें बाहेरच्या जाळ्यापासून अलग होऊन स्थानिक केंद्रांवर तग धरावा, अशी योजना पूर्वींपासून होती. तीही त्या दिवशीं निष्फळ ठरली.

१९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली. तेव्हांपासून बाहेरून येणाऱ्या विजेचें महत्त्व ह्या शहराला ठाऊक आहे. मग वाट वेळेवर रुंद कां झाली नाहीं?

ह्याचें कारण पारेषणाच्या, म्हणजे वीज दूरवर वाहून नेण्याच्या, धंद्याच्या स्वभावांतच आहे. वीजकेंद्राचा मालक म्हणतो, आधीं तारा आणा, मग मी केंद्र उभारीन. तारांचा मालक म्हणतो, आधीं केंद्र दाखवा. दोघांचेंही म्हणणें व्यवहाराला धरूनच आहे. म्हणून दोघांच्याही पलीकडे पाहणारा कोणी तरी लागतो.

ब्रिटननें हें काम १९२६ च्या कायद्यानें एका मध्यवर्ती मंडळाकडे सोंपविलें. तेथें गांवोगांव निरनिराळीं केंद्रें होतीं. कित्येकांच्या प्रवाहाची कंपनसंख्याही जुळत नसे. मंडळानें केंद्रें ताब्यांत घेतलीं नाहींत. त्यानें कर्जरोखे काढून भांडवल उभारलें आणि १३२ किलोव्होल्टचें जाळें विणलें. पहिला मनोरा १९२८ मध्यें एडिंबरोजवळ उभा राहिला आणि १९३३ च्या सुमारास सुमारें ४,००० मैलांचें मुख्य जाळें बहुतेक पुरें झालें. तेंही ऐन आर्थिक मंदीच्या काळांत! मनोऱ्यांनीं रानाची शोभा बिघडते, अशी ओरड तेव्हांही झालीच. पण प्रत्येक गांवानें अडीअडचणीसाठीं निराळें यंत्र राखून ठेवण्याची गरज उरली नाहीं, आणि ही बचत मोठी होती.

आपल्याकडे २००३ च्या विद्युत् अधिनियमान्वयें राज्याच्या पारेषणाचा आराखडा राज्य पारेषण संस्थेनें करावयाचा असतो; खर्चाला मान्यता नियामक आयोग देतो आणि तो खर्च अखेरीस आपल्या देयकांतून वसूल होतो. म्हणून वाहिनी रिकामी पडून राहील, ही आयोगाची भीति खोटी म्हणतां येणार नाहीं. कंत्राटदाराचा नफा तर ठरलेलाच! तथापि माझ्या मतें ह्या दोन चुका एका तराजूंत घालणें योग्य नव्हे. रिकाम्या वाहिनीचा भुर्दंड लाखों ग्राहकांत थोडाथोडा वांटला जातो; नसलेल्या वाहिनीचा भुर्दंड एका सकाळींच सर्वांना एकदम भरावा लागतो.

खारघर-विक्रोळी ही दीर्घकाळ रखडलेली ४०० किलोव्होल्टची वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्यें सुरू झाली. तिच्यामुळें शहरांत सुमारें १,००० मेगावॅट अधिक वीज आणतां येते. अपघात झाला २०२० सालीं, वाहिनी आली २०२३ सालीं. हा क्रम उलटा असावयास हवा होता.

आतां हाच प्रश्न साऱ्या देशापुढें आहे. राजस्थानांत सूर्यशक्तीचें केंद्र दोनेक वर्षांत उभें राहतें. त्याची वीज नेणाऱ्या लांबच्या वाहिनीला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणानें डिसेंबर २०२२ मध्यें, २०३० पर्यंतच्या अशा वाहिन्यांसाठीं सुमारें २ लाख ४४ हजार कोटी रुपयांचा आराखडा प्रसिद्ध केला. रक्कम प्रचंड आहे; पण अडतें तें बहुधा पैशापाशीं नव्हे, शेताच्या बांधापाशीं. मनोरा उभारतांना जमीन विकत घेतली जात नाहीं. शेतकऱ्याला केवळ भरपाई मिळते. जून २०२४ मध्यें केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनीं मनोऱ्याच्या पायाखालील जागेसाठीं ती जमिनीच्या किमतीच्या दुप्पट ठरविली, आणि तारांखालील पट्ट्यासाठीं तीस टक्के. ह्या सूचना राज्यांनीं स्वीकारावयाच्या असतात. ज्याच्या शेतांत मनोरा रोवावयाचा, त्याला ती रक्कम काम सुरू होण्यापूर्वीं हातीं पडते कीं नाहीं, ह्यावर पुढील वाहिन्यांच्या तारखा अवलंबून आहेत.